आईचा रोजचा प्रश्न

"...पण झोप जिंकायची कशी, भंते? तेवढी विद्या द्या."

सुमेधने हे विचारावं कुणाला? तर भंते शीलरत्नांना! त्यांच्या घोरण्यापायी विहारामागच्या डोंगरातला बिबट्या तालुका सोडून गेला, असं गावात शपथेवर सांगतात.

"जिंकून काय करशील?"

"रात्रभर वाचेन. मेडिकलची परीक्षा तोंडावर आलीय."

"आता किती झोपतोस?"

"अगदी थोडं," सुमेध ताठ मानेने म्हणाला. दहावीला तालुक्यात पहिला आलेला गडी तो.

"आणि वाचलेलं?"

मान खाली आली.

"सकाळी कोरी पाटी. परवा चाचणीत हृदयाचे कप्पे आठवेनात."

"जागून वाचतोस ना?"

"वाचतो... मग दिवा घालवून मोबाइल घेऊन पडतो. आईचा मेसेज यायचा असतो. तोवर काहीबाही बघतो. कुणी नाचतंय, कुणी मांजराला अंघोळ घालतंय..."

आई मस्कतला नर्स. बुद्धपौर्णिमेला यायची होती. रजाच मिळाली नाही. तिची ड्युटी सुटायची तेव्हा इकडे मध्यरात्र उलटलेली असे. मेसेज आला, की अंधारात उजळलेल्या त्या इवल्या चौकोनाला सुमेधला दवाखान्याचा वास यायचा. तिच्या कुशीत यायचा, तोच. मग कितीतरी वेळ डोळ्याला डोळा लागत नसे.

"काय लिहिते?"

"'झोपलास का, राजा?' ...रोज तेवढंच."

"आणि तू?"

"'नाही, आई.'"

भंते उठले. मग आत जाऊन त्यांनी भिक्षापात्र आणलं आणि सुमेधपुढे धरलं.

तो चपापला. "भंते, दुपारनंतर तुम्ही अन्नाला शिवत नाही ना?"

"अन्न कोण मागतंय?"

पात्र हलेना.

सुमेधने खिशातून मोबाइल काढला. काच शर्टाला पुसली... पुन्हा पुसली. मग अलगद आत ठेवला.

भंतेंनी झाकण लावलं.

"पण ती विचारेल हो, भंते..." सुमेधचा हात पात्राकडे गेला. "उत्तर गेलं नाही तर?"

"रोज 'नाही' ऐकते बिचारी. आज तिला 'हो' म्हण."

"झोपलेला माणूस 'हो' कसं म्हणणार?"

भंते पात्र घेऊन आपल्या खोलीकडे निघाले. दारात थांबले...

"तेच ऐकायला ती इतक्या लांबून विचारते, बाळा."