हौसा आलुबुखार

डोंगरावरच्या एका संस्थानात दौलू नावाचा माळी होता. अकरा वर्षं खपून त्यानं आलुबुखाराचं एक नवं, मधासारखं गोड वाण तयार केलं आणि त्याला 'हौसा' असं नाव दिलं.

राजे रणधीरसिंहांनी फळ चाखलं आणि फर्मावलं, "आजपासून याचं नाव रणधीर! नाही म्हणालास, तर झाडं तोडून टाकीन."

दौलूनं हात जोडले. "जशी आज्ञा, सरकार. फक्त बाजारातल्या बायकांना तेवढी ताकीद द्या. त्या फळ दाबून बघतात आणि मोठ्यानं बोलतात. उद्या एखादी म्हणेल, 'हा रणधीर वरून लाल, पण आतून किडका!'"

दरबारी मिशीत हसले. राजे ओशाळले आणि त्यांनी हुकूम मागं घेतला. पण जाता जाता त्यांनी विचारलं, "मग ही हौसा कोण? तिला नाही कुणी किडकी म्हणत?"

दौलूची मान खाली गेली.

"म्हणतात, सरकार. पण नाव तरी घेतात. माझी बायको ती. झाडाला पहिलं फळ धरायच्या आधीच गेली. सगळ्या संसारात मी तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली, नावानं एकदाही नाही. आता बाजारात दिवसभर तिचं नाव ऐकतो. ओ मात्र कुणी देत नाही."