जावईबापूंची पहिली आंघोळ

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. ऐकून सोडून देणाऱ्यांतला तो नव्हता. सांगितलेलं सगळं तो लक्षात ठेवायचा आणि भलत्याच ठिकाणी वापरायचा.

त्याच्या घरची न्हाणी जुनाट होती. लेकीच्या लग्नात खुद्द जावई, जालिंदर, तिथल्या शेवाळावरून सपशेल आपटला होता. विहीणबाई चार बायकांत म्हणाल्या, "पुढल्या खेपेला पोराला घरूनच आंघोळ घालून पाठवू!" केरबाच्या बायकोच्या, हौसाच्या, ते जिव्हारी लागलं होतं. आता पहिला दिवाळसण तोंडावर आला. विहीणबाईही येणार होत्या.

"अवं, न्हाणी नवी करा," हौसा म्हणाली. "जावयाची आंघोळ झोकात झाली पायजे. पुन्यांदा ती बाई बोलली तर मी तिला तोंड दावणार न्हाई."

यशवंता गवंड्याला दिवाळीपर्यंत उसंत नव्हती. "तूच कर. अडलं की ये इचारायला," तो म्हणाला. "आधी जुनं सगळं फोड."

"आलं ध्यानात," केरबा म्हणाला.

त्यानं जुनी फरशी फोडली. मग तांब्याचा बंब फोडला. हौसा धावत आली. "बंब कशापायी फोडला?"

"फरशी बानं बसवलेली. बंब आज्यानं आणलेला. जास्त जुना त्योच न्हवं?"

हौसा कपाळावर हात मारून आत गेली.

केरबानं भिंतीला नव्या फरश्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या खाली. यशवंता म्हणाला, "कोरड्याच लावल्यास व्हय? लेका, लावायची वस्तू आधी पाण्यात भिजत घालायची."

"आलं ध्यानात."

केरबानं फरश्या भिजत घातल्या. सिमेंटही लावायचंच होतं. त्याचं अख्खं पोतं त्यानं पाण्याच्या पिंपात बुडवलं. सकाळी पोतं दगड झालं होतं आणि पिंपही कामातून गेलं होतं.

यशवंता खेकसला, "अरं, त्याला थेंबभर पानी लागू द्यायचं न्हाई! कोरडं ठेवायचं, वरनं झाकायचं!"

"आलं ध्यानात."

केरबानं नवं पोतं आणलं. झटून गिलावा केला. मग थेंबभर पाणी लागू नये म्हणून भिंतींना हौसाच्या गोधड्या टांगल्या आणि दिवसभर सुपानं वारा घातला. संध्याकाळी गिलाव्याला हात हात लांब तडे गेले.

आता यशवंता रडायच्या बेतात आला. "केरबा, तुझ्या पाया पडतो. ओला लेप दिसला की वाळू द्यायचा न्हाई. सात दिस पानी मारायचं. दाराला काट्या लावायच्या. आत कुनी जायाचं न्हाई, काय हलवायचं न्हाई. न्हाईतर तडं जात्यात."

"आलं ध्यानात," केरबा म्हणाला. आणि काय नवल, या वेळी खरंच आलं! गिलावा पुन्हा केला, सात दिवस नळीनं पाणी मारलं, वर भिजवलेल्या फरश्या बसवल्या. न्हाणी अशी झाली की हौसाला आनंदानं रडू फुटलं. दिवाळीच्या दोन दिवस आधी विहीणबाई मुक्कामाला आल्या आणि आधी न्हाणी बघून आल्या. त्यांना बोलायला काही सापडेना. हौसा दोन दिवस नुसती मिरवत होती.

दिवाळीची आंघोळ आली. जावईबापू नव्या न्हाणीत पाटावर बसले. हौसानं त्यांना तेल लावलं, उटण्याचा जाडजूड थर दिला आणि ती ओवाळायचं ताट आणायला वळली. "अवं, तेवढं पाणी घाला त्यास्नी!"

केरबा आत आला. बघतो तर काय, जावयाच्या अंगावर राखाडी ओला लेप! कोपराजवळ वाळायलासुद्धा लागलेला!

त्यानं गार पाण्याची बादली ओतली. जावई किंचाळून उठले.

"हलू नका!" केरबा ओरडला. "तडं जातील!"

त्यानं दाराला बाहेरून कडी घातली. काट्या लावल्या. झरोक्यातून पाण्याची नळी आत सोडली. जावई आतून बोंबलत होते, पण बाहेर फटाक्यांपुढे कुणाला काय ऐकू येतंय?

फराळाची ताटं मांडून झाली. विहीणबाई इकडं तिकडं बघत म्हणाल्या, "आमचा जालिंदर कुठं दिसंना?"

हौसानं ओवाळायचं ताट हातात धरून नवऱ्याकडं पाहिलं. केरबा न्हाणीच्या झरोक्यापाशी नळी धरून हसतमुखानं उभा होता.

"आंघोळीला बसलंत," तो म्हणाला. "अजून सहा दिस लागतील, विहीणबाई. पण असं पक्कं करून देतो की परत आपटलं तरी फुटणार न्हाईत!"