झाकलेलं भिंग

फोटो काढायचा म्हणजे माणसं आधी अंघोळ करून यायची, तेव्हाची ही गोष्ट. नारबा फोटोग्राफरच्या पिशवीत दोन कॅमेरे होते. थोरला नुसत्या चावीवर चालायचा. धाकट्याला सेल लागायचा, पण उजेड किती आहे ते त्याचा काटा दाखवायचा.

"थोरले, तुम्हाला ऊनसुद्धा कळत नाही," धाकटा डिवचायचा.

"मला सेलची भीक तर मागावी लागत नाही!"

एकदा डोंगरावरच्या वाडीत ऐंशी वर्षांच्या येसाबाईचा पहिलावहिला फोटो काढायचा होता. ती नवं लुगडं नेसून बसली आणि गारठ्यानं धाकट्याचा सेल उतरला. नारबानं थोरल्याला काढलं. त्याच्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. बघायच्या खिडकीतून म्हातारी लख्ख दिसत होती. पण खिडकी वेगळी, भिंग वेगळं, आणि भिंगावरचं झाकण तसंच होतं.

"आता सगळं काळं निघणार!" थोरला घाबरला. "अरे, तुझ्यासारखा काटा मला असता तर भिंगात अंधार आहे हे मालकाला कळलं असतं."

"माझाही सेलाविना पडलाय हो," धाकटा रडवेला झाला.

तेवढ्यात येसाबाई खेकसली, "नारबा, मेल्या, त्याचा डोळा झाकून ठेवलायस! तो मला बघणार कसा?"

झाकण निघालं, फोटो निघाला. तो अजून त्या घरात भिंतीवर आहे. कुठल्या कॅमेऱ्यानं काढला, ते आजवर कुणीही विचारलेलं नाही.