फेसासकट शेठ

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव सांगत नाही, तुमचंच निघालं तर उगाच भांडण. गड्याचं नाव भागूजी. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता.

भागूजी गोदाकाकूंकडे कामाला होता. काकू रिठा, शिकेकाई, जास्वंदीचा पाला, कोरफड असलं काय काय उकळून शाम्पू करत. शहरातले कांतिशेठ तो बघायला येणार होते. त्यांनी पास केला तर शाम्पू त्यांच्या दुकानात. नापास केला तर काकूंनी चूल विझवायची आणि भावाकडे जाऊन भावजयीची बोलणी खायची. भावजय कशी होती? ज्यांना भावजय आहे त्यांनी तरी विचारू नये.

काकूंनी भागूजीला पहिलाच धडा दिला. "नवी वस्तू माणसाला द्यायच्या आधी कोपरापाशी थोडी चोळायची. उद्यापर्यंत खाज सुटली नाही, तर द्यायची."

"बरं," भागूजी म्हणाला.

दुपारी काकूंचे व्याही आले, भुकेजलेले. काकू म्हणाल्या, "भागूजी, व्याह्यांना पिठलं वाढ." भागूजीनं व्याह्यांची बाही वर केली, कोपराला गरम पिठलं चोळलं आणि ताट उचललं.

"अहो, जेवण?"

"उद्या या. खाज नाही सुटली तर भाकरीसुद्धा देऊ."

व्याही तडक निघून गेले. काकूंनी कपाळ बडवलं. "अरे, चुलीवरनं भांडं उतरलं की चमचाभर चाखायचं, मग वाढायचं!"

"असं आधी सांगायचं," भागूजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चुलीवरनं रिठ्याचा काढा उतरला. भागूजीनं चाखला. कळेना, म्हणून पळीभर चाखला. तोंडातून फेस यायला लागला. गाव धावलं. "फेफरं आलं! फेफरं आलं!" एकानं नाकाला कांदा लावला, दुसऱ्यानं चप्पल. चप्पल कुणाची यावरनं दोघं भांडले, भागूजी मात्र शुद्धीतच होता.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. शब्दागणिक एक बुडबुडा.

काकू ओरडल्या, "अरे, फेस दिसला की पाणी ओतायचं! फेस जाईस्तोवर ओतायचं!"

"बरं."

सकाळी म्हशीची धार काढली. बादलीत दुधावर हा फेस! भागूजीनं पाणी ओतलं. फेस जाईस्तोवर ओतलं. डेअरीवरच्या संपतनं दूध बघितलं नि म्हणाला, "याच्यापेक्षा आमच्या विहिरीचं पाणी घट्ट आहे. नापास."

काकू रडायच्याच बाकी होत्या. "भागूजी, नीट ऐक. फेस असला की पाण्याला शिवायचं नाही. आहे तसं, फेसासकट डेअरीवर न्यायचं आणि पास करून आणायचं. कळलं?"

"आता पक्कं कळलं," भागूजी म्हणाला.

त्याच दुपारी कांतिशेठ आले. अंगानं गुबगुबीत, केस दाट, तोरा त्याहून दाट. म्हणाले, "बाई, मी दुसऱ्याच्या डोक्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्याच डोक्याला लावा."

शेठ पंचा गुंडाळून न्हाणीतल्या पाटावर बसले. काकूंनी शाम्पू चोळला. फेस असा आला की शेठचे कानसुद्धा दिसेनात. तेवढ्यात आतनं जळका वास आला. शेठसाठी भजी टाकली होती ना!

"भागूजी, शेठजींकडे बघ," म्हणून काकू आत पळाल्या.

भागूजीनं बघितलं. फेस होता.

"पाणी घाल रे," शेठ डोळे मिटून म्हणाले.

"शिवणारसुद्धा नाही," भागूजी म्हणाला आणि त्यांचा हात धरून निघाला.

"कुठं नेतोस?"

"पास करायला."

भर उन्हात शेठ गावातनं चालले. सरपंचांनी नमस्कार केला. फेसाला करावा का शेठला हे कळेना, म्हणून दोनदा केला.

डेअरीवर भागूजी म्हणाला, "फेसासकट आणलंय. पाण्याचा थेंब नाही. बघा."

संपत नियमाचा माणूस. त्यानं विचारलं, "कुठलं?"

"शहरातलं."

"बाहेरगावचं घेत नाही. नापास."

इकडे काकू भज्यांची ताटली घेऊन दारात उभ्या. न्हाणी रिकामी. भागूजी एकटाच पुढं येताना दिसला.

"काय झालं रे? पास का नापास?"

"नापास, काकू."

काकूंनी ताटली खाली ठेवली. "शाम्पू नापास?"

"शाम्पू नाही. शेठ."

मागनं शेठ चाचपडत आले. डोळे मिटलेले, डोक्यावर फेसाचा डोंगर. म्हणाले, "बाई, एवढं ऊन, एवढी वाट, तरी फेस जागचा हलला नाही! असा माल बघितला नव्हता. घेतला! सगळा घेतला! पण आधी पाणी... डोळे गेले माझे!"

काकू आनंदानं ओरडल्या, "भागूजी, ती घागर ओत! लवकर!"

भागूजी हसला. "काकू, माझी परीक्षा घेताय होय? फेस आहे अजून."

आणि त्यानं घागर उचलून दारातल्या जास्वंदीच्या बुडाशी पार रिकामी केली.