राईतली सरळ वाट

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक म्हातारा वाटाड्या आणि त्याची बायको राहत होती. गावाला लागून जुनी देवराई होती. तिथे कुऱ्हाड कधी चालली नव्हती, पडलेली काडीसुद्धा कोणी घरी नेत नसे. राईच्या अगदी आत एक प्रचंड बेहडा होता. त्याच्या मुळांतून झरा निघायचा, आणि त्याच पाण्यावर गाव जगायचे.

परगावचे लोक बेहडा पाहायला येत. वाटाड्या त्यांना चपला काढायला लावी आणि बापाच्या काठीने पाचोळा चाचपत आत नेई. पण एकाच वाटेने दोनदा कधी नेत नसे. आज आंब्याकडून, तर उद्या वेलांच्या जाळीकडून. बाप सांगून गेला होता, "पाऊल उचललं की पाचोळा पुन्हा सैल झाला पाहिजे. राईत वाट पडू द्यायची नाही."

वय झाले तसे म्हाताऱ्याचे गुडघे धरू लागले. त्यात लोक म्हणत, "आजोबा, किती फिरवता! तुमच्याएवढी राई कोणाला ठाऊक आहे? एक सरळ वाट आखून टाका की. लोक तुमचं नाव काढतील."

झाले! म्हातारा हरभऱ्याच्या झाडावर चढला. दगडांना चुना फासून ते बेहड्यापर्यंत मांडायचे त्याने ठरवले.

बायको म्हणाली, "अहो, गुडघे तुमचे दुखतात, मग शिक्षा राईला कशाला? काठी माझ्याकडे द्या. मी नेते लोकांना."

तिलाही राई पाठ होती. पण काठी द्यायची म्हणजे आपण थकलो हे कबूल करायचे. ते काही म्हाताऱ्याला जमेना.

"तू चुलीकडे बघ," तो म्हणाला. "दगडच ठेवतोय, झाड थोडंच तोडतोय?"

पांढऱ्या दगडांची वाट पाहून लोक खूश झाले. हळूहळू ते वाटाड्याला न विचारताच आत जाऊ लागले, तेही चपला घालून. पाचोळ्याचा चुरा झाला, माती टणक झाली. पावसाचे पाणी मुरेना. उतारावरच्या त्या वाटेने ते ओढ्यासारखे धावू लागले आणि बेहड्याच्या मुळांखालची माती वाहून नेऊ लागले.

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी गावभर धाडकन आवाज झाला. बेहडा आडवा झाला होता आणि झरा मातीखाली बुजला होता.

बायका आता कोसभर चालून पाणी आणू लागल्या. वाटाड्याची बायकोही डोक्यावर हंडा घेऊन जाई. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे त्याला वाटे.

त्याने एकेक दगड उचलून बाहेर टाकला. वाट मात्र तशीच राहिली. तिच्यावर काटेरी फांद्या टाकल्या, तर सवयीने आत शिरणाऱ्या लोकांनी वळसा घालून शेजारी दुसरी वाट पाडली.

शेवटी एके दिवशी त्याने काठी बायकोपुढे धरली. "माझं चुकलं गं. आजपासून लोकांना तूच नेत जा."

तिने काठी हातात घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि भिंतीशी टेकवून ठेवली.

"नेईन हो," ती म्हणाली. "पण आता कुठे नेऊ?"

तात्पर्य: झेपेनासे झालेले काम वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्यावे; मानापायी ते धरून बसले, तर पुढे द्यायला नुसती काठीच उरते.