सिदाअण्णाचं अर्धं तास

"बोवा, खरं सांगा, अख्ख्या शिवारात असं सरळ तास आहे का कुणाचं?"

बिरा बांधावर छाती काढून उभा होता. समोर त्याची नांगरट होती. वरच्या बांधापासून खाली ओढ्यापर्यंत, दोरी ताणून मारावीत तशी नांगराची तासं.

रतनगिरी बोवा गावाबाहेरच्या मठीतून काठी टेकत आले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

बिरा फुलला. "पंधराव्या वर्षापासून इचलकरंजीला मागावर सूत सरळ धरलंय. अण्णा गेल्यावर लोक म्हणाले, शहरातला भाऊ कशाचा नांगर धरतोय, जमीन पडीक पडणार. आता बघा म्हणावं!"

"बैल नीट चालले?"

"कुठले! आबांच्या हातचे म्हातारे बैल, सारखे आडवे ओढायचे. पण मीही आबांचाच पोरगा. कासरा असा आवळला..."

त्यानं तळहात पुढे केले. कातडी सोलून निघाली होती.

बोवांची नजर तळहातांवरून शेताकडे वळली.

शेताच्या मधोमध थोडी जमीन नव्या नांगरटीतून वगळलेली होती. तिथं उताराला आडवी, नागमोडी चार तासं. चौथं अर्ध्यावरच तुटलेलं. महिन्यापूर्वी तिथंच, नांगर हातात असताना, सिदाअण्णा कोसळला होता.

"ती कशाला ठेवलीस?"

"आज मोडणार." बिरानं मान फिरवली. "माझी सरळ आणि त्याची ही अशी... बघणारा म्हणेल, सिदाला नांगर धरता येत नव्हता. माझ्या अण्णाला कुणी नाव ठेवलेलं मला खपायचं नाही, बोवा. कालपासून तीनदा बैल तिथवर नेले..."

"मग?"

"हात उचलत नाही."

बैलांसाठी आणलेली पाण्याची घागर बांधावर होती. बोवांनी ती उचलली आणि बिराच्या एका तासात अर्धी ओतली.

पाणी सरळ धावलं. जाताना माती घेऊन गेलं. पाहता पाहता गढूळ होऊन उतारानं दिसेनासं झालं.

मग बोवा खाली उतरले. सिदाच्या तासापाशी त्यांनी वहाणा काढल्या. उरलेली घागर त्यात ओतली.

पाणी दोन हात सरकलं. वळणाशी अडलं. थांबलं... आणि जागच्या जागी जिरलं.

मागोमाग आलेला बिरा तासापाशी खाली बसला. ओल्या मातीवर त्यानं सोललेला तळहात ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

"बघितलंत, बोवा?" शेवटी तो म्हणाला. डोळे वाहत होते आणि मान ताठ होती. "थेंब खाली जाऊ दिला नाही माझ्या भावानं! आहे का असा कुणी शिवारात?"

"नाही," बोवा म्हणाले.

बिरा उठला. बैल जुंपले. नांगर नेऊन तुटलेल्या तासाच्या टोकाशी टेकवला. तिथं मात्र त्याचे पाय अडले.

"बोवा... मला असं वाकडं येत नाही."

बोवा वहाणा हातात घेऊन बांध चढत होते. मागे न पाहताच ते म्हणाले,

"सिदालाही येत नव्हतं. बैलांना येतं. कासरा सोड."