झुपकीची वाटी भरेना

हौसामावशी कुंपणापाशी उभी होती. हातात पळी, गॅसवर कुकर. पलीकडच्या ताईला ती हळूच सांगत होती,
"ऐकलंस का गं? आपल्या गोदाकाकूच्या पोटात म्हणे खडा..."
फुस्स्स्स! कुकरची शिट्टी झाली. मावशी पळाली आत. बोलणं राहिलं अर्धंच!

वर पेरूच्या फांदीवर होती झुपकी खार. एवढीशी खार आणि ही एवढी शेपटी. तिने अर्धंच ऐकलं.
"खडा? खडीसाखरेचाच असणार! काकूने एकटीने खाल्ला. मला चाटायलासुद्धा नाही दिला!"

रागावून रागावून झुपकीला लागली तहान. खाली उतरली, तुरूतुरू तुरूतुरू.
गोदाकाकूच्या पायरीवर झुपकीची मातीची वाटी. काकू रोज भरायची. आज बघते तर काय? वाटी कोरडी ठाक!

"वाटी वाटी, भर ना गं!
झुपकीला पाणी मिळेना!"
वाटी म्हणाली, "मी कशी भरू? तांब्या वाकेल, तर मी भरेन."

झुपकी गेली तांब्याकडे. तुरूतुरू तुरूतुरू.
"तांब्या तांब्या, वाक ना रे!
वाटी भरेना,
झुपकीला पाणी मिळेना!"
तांब्या म्हणाला, "वाकून काय सांडू, माझं कपाळ? माठ पाणी देईल, तर मी वाकेन."

झुपकी गेली माठाकडे. तुरूतुरू तुरूतुरू.
"माठा माठा, दे ना रे!
तांब्या वाकेना,
वाटी भरेना,
झुपकीला पाणी मिळेना!"
माठ घुमला, घूं घूं घूं. "माझ्या पोटात नुसता वारा. कळशी हलेल, तर मी देईन."

झुपकी गेली कळशीकडे. तुरूतुरू तुरूतुरू. कळशी नळाखाली, अर्धी भरलेली. पण पाणी केवढं खोल! आणि झुपकी केवढीशी!
"कळशी कळशी, हल ना गं!
माठ देईना,
तांब्या वाकेना,
वाटी भरेना,
झुपकीला पाणी मिळेना!"
कळशी म्हणाली, "मला काय पाय आहेत? काकू उठेल, तर मी हलेन."

झुपकी गेली काकूकडे. तुरूतुरू तुरूतुरू. काकू चटईवर आडवी. पोट धरलेलं, डोळे मिटलेले.
"काकू काकू, ऊठ ना गं!
कळशी हलेना,
माठ देईना,
तांब्या वाकेना,
वाटी भरेना,
झुपकीला पाणी मिळेना!"
काकू कण्हली, "आई आई गं! पोट दुखतंय बाळा. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या, भरपूर प्या. पण माठापर्यंत जाववेना. कुणी पेलाभर पाणी देईल, तर मी उठेन."

झालं! पाणी मिळेल तर काकू उठेल. काकू उठेल तर पाणी मिळेल. आता गं बाई?

तेवढ्यात कुंपणापाशी आवाज आला. "गोदाकाकूच्या पोटात म्हणे..." हौसामावशी! आता ती दूधवाल्याला सांगत होती.

झुपकीने मारली उडी. टुण्ण! थेट कुंपणावर.
"मावशी मावशी, धाव ना गं!
काकू उठेना,
कळशी हलेना,
माठ देईना,
तांब्या वाकेना,
वाटी भरेना,
झुपकीला पाणी मिळेना!"
मावशी म्हणाली, "थांब गं जरा! माझं सांगून होईल, तर मी धावेन."
झुपकीने शेपटी आपटली. चिक् चिक् चिक्!
"सगळ्यांना सांगितलंस! पण काकूला पाणी दिलंस का?"

मावशीने जीभ चावली. "अगोबाई! खरंच की गं!"

मग मावशी धावली, धपधप धपधप. पेलाभर पाणी आणलं.
काकू प्यायली, गट गट गट.
थोडी टेकली. आणखी प्यायली, गट गट गट.
काकू उठली!
एका बाजूने मावशी, एका बाजूने काकू. कळशी हलली, डुचमळ डुचमळ.
माठ भरला, भळ भळ भळ. माठाने पाणी दिलं.
तांब्या वाकला, धो धो धो.
वाटी भरली, टुब टुब टुब!
आणि झुपकी? झुपकी प्यायली, लप लप लप. मिशा ओल्या, नाक ओलं, पोट कसं गारेगार!

मग तिने हळूच विचारलं, "काकू, खडीसाखर उरली का गं थोडी?"
"कसली खडीसाखर?"
"तुझ्या पोटातला खडा!"
काकूला हसू आलं. "अगं वेडे, खडा आहे खरा. पण साखरेचा नाही. उन्हात पापड घालत बसले. तहान लागली की म्हणायचे, एवढे झाले की पिते, एवढे झाले की पिते. प्यायचं राहूनच गेलं! म्हणून झाला खडा."
"केवढा?"
"डॉक्टर म्हणाले, मोहरीएवढा. आता पाणी पीत राहायचं. मग जाईल एक दिवस, शूच्या वाटेने."
"शूच्या वाटेने!" झुपकी पोट धरून हसली.

मावशी म्हणाली, "बघ! म्हणजे माझं खरंच होतं की!"
"अर्धं खरं," काकू म्हणाली. "तू पाणी आणायला धावलीस, तेव्हा दूधवाला खिडकीतून विचारत होता, काकू, नारळाएवढा खडा कसा गिळलात?"
मावशीने काकूचा पेला पुन्हा भरला. मग स्वतःसाठीही एक घेतला.

झुपकीने वाटीत तोंड घातलं. लप लप लप.
साखर नव्हती. पण पाणी काय गोड होतं!